गुलाबदाणी आणि खोबरेलाची वाटी

काही वर्षांपूर्वीच्या जानेवारीत बोलीभाषेतील शब्द गोळा करण्याच्या निमित्ताने आम्ही एम.ए.च्या विद्यार्थ्यांना घेऊन पाचूबंदरला गेलो होतो. वसईच्या किल्ल्याला लागून असलेला हा कोळीवाडा. एका बाजूला पोर्तुगीज तटबंदीचे अवशेष, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मधल्या मोकळ्या जागेत बांबूच्या चौकटींवर टांगलेले बोंबील. सकाळचा जमिनीवरून येणारा कोरडा वारा त्या बोंबलांतून आरपार वाहत होता.

आमच्या गटातली एक विद्यार्थिनी याच गावची. तिच्याच आजींच्या अंगणात आम्ही बसलो होतो. तिचे ओठ फुटले होते, गालांवर पांढुरकी साल निघत होती. शब्दांची यादी करता करता तिने पिशवीतून एक छोटी बाटली काढली आणि चेहऱ्यावर फवारा मारला. गुलाबाचा मंद वास पसरला. बाटलीवर ‘त्वचेला दिवसभर ओलावा’ अशा अर्थाचे काही छापलेले होते. आजी हसल्या. आपल्या बोलीत त्या जे म्हणाल्या त्याचा आशय असा, की इथे आम्ही ओला मासा वाऱ्यावर वाळवतो आणि तू तोंड ओले करून त्याच वाऱ्यात बसतेस. मग घरातून खोबरेलाची वाटी आणून त्यांनी नातीपुढे ठेवली. नातीने ती हळूच बाजूला सारली.

हा प्रसंग तेवढ्यावर संपला. आमच्या डोक्यातून मात्र तो गेला नाही. फवाऱ्याच्या त्या बाटलीत जे घटक असतात ते त्वचेला खरोखर कितपत ओलावा देतात? प्रश्न रसायनशास्त्राचा दिसतो आणि मराठीच्या अध्यापकांनी त्यात पडू नये असेही कुणी म्हणेल. परंतु चेहऱ्यावर सुगंधी पाणी शिंपडण्याला इतिहास आहे, अंगाला तेल लावण्यालाही आहे, आणि या दोन्ही इतिहासांच्या खुणा आपल्या भाषेत शिल्लक आहेत. शिवाय ती वाटी बाजूला सारली जाण्यालाही एक इतिहास आहे. प्रस्तुत लेख त्याच्या शोधाचा आहे.

१. वाऱ्यावरचे बोंबील

प्रथम आजींचा दाखला तपासून पाहू. बोंबील हा विलक्षण पाणीदार मासा. ताज्या बोंबलाच्या वजनात ८५ ते ९० टक्के पाणीच असते. ऊन आणि वारा मिळून ते पाणी काढून नेतात आणि उरतो तो काडीसारखा टणक सुका बोंबील. मासा मेलेला आणि त्वचा जिवंत, तेव्हा तुलना अन्यायाची वाटेल. पण आपल्या त्वचेचा सर्वांत वरचा थरही मृत पेशींचाच असतो. तो मिलिमीटरच्या शंभराव्या-पन्नासाव्या भागाइतका पातळ असतो आणि त्यात निरोगी अवस्थेत साधारण १० ते ३० टक्के पाणी असते. हे प्रमाण १० टक्क्यांखाली उतरले की थर ठिसूळ होतो, त्याची साल निघते, त्याला भेगा पडतात. आपण ‘त्वचा कोरडी पडली’ म्हणतो ते हेच.

हे पाणी येते कोठून? बाहेरून नव्हे, आतून. शरीरातून त्वचेवाटे, घाम सोडून, नकळत उडून जाणारे पाणी दिवसाला ३०० ते ४०० मिलिलिटर भरते. ते वर येताना वरचा थर ओला ठेवीत येते. त्याला अडवून धरणारी व्यवस्था दुहेरी आहे. मृत पेशींच्या आत काही क्षार, अमिनो आम्ले, युरिया यांसारखे पाणी धरून ठेवणारे पदार्थ असतात; आणि पेशींच्या मधल्या फटींत स्निग्ध पदार्थ लिंपलेले असतात. विटा आणि चुना यांची उपमा शास्त्रज्ञांनीच दिली आहे आणि किल्ल्याच्या सावलीत बसून ती समजायला अवघड जात नाही. चुना झडला की भिंत गळू लागते.

यापुढची पायरी महत्त्वाची आहे. १९५२ साली आयर्विन ब्लँक या अमेरिकन संशोधकाने त्वचेच्या वरच्या थराचे वाळलेले तुकडे घेऊन एक साधा प्रयोग केला. ते तुकडे तेलात ठेवले तर मऊ होईनात. पाण्यात ठेवले की मऊ होत. तोवरची समजूत अशी होती की कोरडी त्वचा म्हणजे तेल कमी पडलेली त्वचा. ब्लँकने दाखविले की मऊपणा पाण्याचा असतो, तेलाचा नव्हे. मग आजी चुकल्या आणि फवारा जिंकला, असे म्हणायचे का? तसे नाही, कारण पाणी मऊ करते हे खरे असले तरी ते तिथे टिकले पाहिजे.

चेहऱ्यावरचा तुषार टिकत नाही. थेंब जितके बारीक, तितका त्यांचा वाऱ्याला भिडणारा पृष्ठभाग मोठा आणि तितके ते लवकर उडतात. उडताना ते त्वचेतली उष्णता घेऊन जातात, एका ग्रॅममागे सुमारे ५८० कॅलरी. म्हणून गार वाटते. हा गारवा खरा आहे, सुखद आहे आणि त्यालाच आपण ओलावा समजून बसतो. वरचा थर थोडे पाणी शोषतो, काही मिनिटे फुगतो आणि मग पुन्हा पूर्ववत होतो. आपल्या भाषेने अशा पाण्याला केव्हाच नाव देऊन ठेवले आहे: अळवावरचे पाणी.

२. दोनदा पाणी

मग हे पाणी चेहऱ्यावर शिंपडायला आपण लागलो कधी? आजच्या फवाऱ्याची थेट पूर्वज म्हणजे गुलाबदाणी. उभट मानेची, टोकाला बारीक छिद्रे असलेली, चांदीची किंवा पितळेची. लग्नमंडपाच्या दाराशी, चैत्रातल्या हळदीकुंकवात, कैरीची डाळ आणि पन्हे यांच्या आधी आपल्यापैकी पुष्कळांनी तिचे थेंब अंगावर घेतले असतील.

या दाणीतल्या द्रव्याचे नाव मोठे मौजेचे आहे. फारसीत ‘गुल’ म्हणजे फूल, विशेषतः गुलाबाचे; ‘आब’ म्हणजे पाणी. ‘गुलाब’ म्हणजे मुळात गुलाबपाणीच. हिंदुस्थानात हा शब्द पाण्यावरून सरकून फुलाला चिकटला. मग पाण्यासाठी पुन्हा शब्द हवा म्हणून आपण त्याला आणखी एक ‘पाणी’ जोडले. ‘गुलाबपाणी’ या शब्दात अशा रीतीने दोनदा पाणी आहे. याच शब्दाचे अरबी रूप ‘जुलाब’ प्रथम गोड औषधी पाकाला, मग रेचकाला लागले आणि मराठीत तेवढ्याच अर्थाने उरले. शब्दांचे नशीब माणसांच्या नशिबाहून फारसे निराळे नसते.

गुलाबपाणी निघते ऊर्ध्वपातनाने. पाकळ्या पाण्यात उकळायच्या आणि वाफ थंड करून धरायची. या वाफेबरोबर फुलातली सुगंधी तेले अत्यल्प प्रमाणात येतात. जहांगीर बादशहाने आपल्या आत्मवृत्तात नोंदविले आहे की, नूरजहाँची आई अस्मत बेगम हिने गुलाबपाण्यावर तरंगणारा तवंग गोळा केला आणि त्यातून गुलाबाचे अत्तर सिद्ध झाले. म्हणजे तेल वर काढून घेतले ते अत्तर, आणि खाली राहिले ते सुगंध उरलेले पाणी. त्या पाण्यात वास आहे, गारवा आहे. पाणी धरून ठेवील असे काही नाही.

आणि तशी अपेक्षाही कुणी केली नव्हती. दरबार संपताना विडे आणि अत्तर-गुलाब होत. पेशवाईतही हीच रीत होती आणि पुढे इंग्रज अधिकाऱ्यांनी भरविलेल्या दरबारांतही ती टिकली. अत्तर-गुलाब झाले म्हणजे पाहुण्याने उठावे, हा संकेत होता. गुलाबपाण्याचे काम मान देण्याचे, उन्हातून आलेल्यास गारवा देण्याचे, दहा माणसांच्या गर्दीतला घामाचा वास झाकण्याचे. ज्याच्यावर गुलाबपाणी शिंपडले गेले तो त्या बैठकीचा झाला. आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी: गुलाबदाणी दुरून शिंपडता येते. तिच्यासाठी एका माणसाने दुसऱ्याला हात लावावा लागत नाही. ज्या समाजात कोणी कोणाला शिवावे याचे नियम होते, त्या समाजात हा सोयीचा सन्मान होता.

गुलाबपाणी त्वचेच्या उपयोगी पडले नाही असे मात्र नाही. पण ते एकटे असताना नव्हे. दुसऱ्या शतकातला ग्रीक वैद्य गॅलेन याच्या नावावर एक मलम सांगितले जाते. त्यात मधमाश्यांचे मेण आणि ऑलिव्हचे तेल यांत गुलाबपाणी घोटून घालीत. अंगाला लावले की पाणी हळूहळू उडे आणि गार वाटे. म्हणून पुढे युरोपात त्याच्या वंशजाला ‘कोल्ड क्रीम’ म्हणू लागले. गारव्याचे नाव राहिले. पण त्वचेवर मागे उरून काम करीत ते मेण आणि तेल.

३. बंदी घातलेले तेल

गुलाबदाणीचा इतिहास दरबाराचा, तर खोबरेलाचा अंगणाचा. अभ्यंगाची थोरवी आयुर्वेदाने सांगितली आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात तो रोजच्या दिनचर्येतच येतो. पण किनाऱ्यावरच्या माणसाला त्यासाठी ग्रंथ उघडावा लागला नाही. नारळ दारात होता. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ साली गोव्यात छापलेल्या आपल्या संवादरूप ग्रंथात नारळाला एक स्वतंत्र संवाद दिला आहे आणि त्यात त्याच्या तेलाचीही माहिती आहे. कोकणात याच्या जोडीला भिरंडेल होते. कोकमाच्या बियांतून निघणारी ही चरबी थंडीत घट्ट गोळा होऊन राहते आणि अंगाच्या उष्णतेने विरघळू लागते. फुटलेल्या टाचांना आणि ओठांना ती लावायची, हे आमच्या आधीच्या पिढीतल्या कोणत्याही कोकणी घराला सांगावे लागत नसे.

अशा साध्या गोष्टीवर राज्यसत्तेची नजर जावी, हे ऐकायला विचित्र वाटते. पण ती गेली होती. अ. का. प्रियोळकर यांनी गोव्यातील इन्क्विझिशनवर लिहिलेला इंग्रजी ग्रंथ १९६१ साली प्रसिद्ध झाला. इन्क्विझिशनने १७३६ मध्ये काढलेल्या ज्या हुकूमनाम्याची ओळख त्यात आहे, त्यात धर्मांतरित लोकांनी सोडून द्यायच्या चालीरीतींची लांबलचक जंत्री दिलेली आहे. लग्नात वधूवरांना हळद, दूध, खोबरेल, तांदळाचे पीठ यांचे लेप लावण्याचा त्या जंत्रीत समावेश आहे. वसई तेव्हा पोर्तुगिजांच्या उत्तर प्रांताचे मुख्य ठाणे होते आणि इन्क्विझिशनचा अधिकार या प्रांतावरही चालत असे. तीन वर्षांनी, मे १७३९ मध्ये, चिमाजी अप्पांच्या सैन्याने वसई घेतली आणि इथला तो अंमल संपला.

त्या जंत्रीकडे क्षणभर त्वचेच्या दृष्टीने पाहावे. दूध आणि पीठ अंग स्वच्छ करतात, खोबरेल आच्छादते. इन्क्विझिशनला अर्थातच त्वचेशी कर्तव्य नव्हते. तिला खुपत होते ते वेगळेच. तेल गुलाबपाण्यासारखे दुरून शिंपडता येत नाही. ते लावायला हात लागतो. मामीचा, आत्याचा, शेजारणीचा. वधूच्या अंगावरून फिरणारे ते हात तिला तिच्या जुन्या गोतात धरून ठेवीत होते, आणि नेमके तेच तोडायचे होते. तोडता आले का? गोव्यातल्या ख्रिस्ती लग्नांत आजही आदल्या दिवशी ‘रोस’ असतो. नारळाचा रस वधूवरांच्या अंगाला लावायला घरचे, शेजारचे सगळे जमतात. हुकूमनामा दप्तरात राहिला आणि नारळ अंगावर.

४. दुकानातली बाटली

जे इन्क्विझिशनला साधले नाही ते पुढे दुकानाने बरेचसे साधले, आणि तेही कोणावर जुलूम न करता.

स्वीडनमधला रसायनज्ञ शेले याला १७७९ साली ऑलिव्हचे तेल शिशाच्या भस्माबरोबर तापविताना एक गोड, दाट द्रव मिळाला. पुढे फ्रान्समध्ये शेव्हरल याने ‘गोड’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याला ग्लिसरीन हे नाव दिले. साबणाचे कारखाने वाढले तसे ग्लिसरीन मुबलक झाले, कारण तेलाचा साबण करताना ते आपोआप सुटे होते. हा विलक्षण पदार्थ आहे: जन्म तेलातून, पण स्वभाव पाण्याचा. तो पाण्यात पूर्ण मिसळतो, हवेतला बाष्पांश ओढून घेतो आणि धरून ठेवतो. त्वचेच्या पेशींत नैसर्गिकरीत्याही तो असतोच.

आपल्याकडे औषधांच्या दुकानातून ग्लिसरीनची छोटी बाटली आली आणि मध्यमवर्गीय घरांत थंडीसाठी एक नवे मिश्रण रूढ झाले. गुलाबपाणी आणि ग्लिसरीन, कोणी त्यात लिंबाचा रस पिळी. (लिंबाची भर न घातलेलीच बरी; फुटलेल्या कातडीला ते झोंबते आणि उन्हात त्वचेला त्रास देऊ शकते.) हे मिश्रण आमच्या दृष्टीने ऐतिहासिक महत्त्वाचे आहे. शतकानुशतके नुसता मान आणि गारवा देणाऱ्या गुलाबपाण्याला त्यात प्रथमच पाणी धरून ठेवणारा सोबती मिळाला. आजचे बहुतेक फवारे म्हणजे हेच मिश्रण. फक्त अधिक पातळ आणि अधिक महाग.

याच काळात दुसरेही काही घडत होते. १८७२ साली अमेरिकेत व्हॅसलीनचे पेटंट घेतले गेले. खनिज तेलाच्या विहिरीतून आलेला हा पदार्थ त्वचेतून उडणारे पाणी जवळजवळ संपूर्ण अडवतो. त्या कामात आजही त्याला तोड नाही. पण तो चकाकतो आणि चिकटतो. मग आले ‘स्नो’. मुंबईत ई. एस. पाटणवाला यांनी १९१९ साली अफगाण स्नो बाजारात आणले आणि ते घराघरांत पोहोचले. स्नोच्या जातीचे हे लेप म्हणजे मुख्यतः पाणी आणि थोडे मेणचट आम्ल. लावले की दिसेनासे होतात, मागे चकाकी राहत नाही. हाच त्यांचा गुण म्हणून सांगितला गेला. ‘स्नो-पावडर’ हा जोडशब्द मराठीत नट्टापट्ट्याचा पर्याय होऊन बसला तो तेव्हापासून.

या शब्दाबरोबर दुसऱ्या एका शब्दाचा अर्थ पालटला. ‘तेलकट’ हे विशेषण चेहऱ्याला लागले की दूषण ठरू लागले. चापूनचोपून तेल लावलेली मुलगी ही गावंढळपणाची खूण झाली आणि कथा-कादंबऱ्यांतून, पुढे चित्रपटांतून, ती सहज हसण्यावारी नेली जाऊ लागली. कोरडे, चकाकी नसलेले तोंड सुशिक्षितांचे. तेलाने चमकणारे तोंड कष्टकऱ्यांचे. ही विभागणी करायला कोणताही हुकूमनामा काढावा लागला नाही.

५. बाटलीवरची यादी

आता त्या विद्यार्थिनीच्या बाटलीकडे वळू. तिच्या परवानगीने आम्ही मागची बारीक अक्षरे वाचली होती. पुढे आणखी काही बाटल्यांवरचीही वाचली. पाठ्यसमीक्षा शिकविणाऱ्यांनी हा पाठही वाचायला हरकत नाही. या याद्यांचे व्याकरण साधे आहे: जे जास्त ते आधी. एक टक्क्याहून कमी असलेले घटक शेवटी, आपसांत कोणत्याही क्रमाने.

पहिला मान अर्थातच पाण्याचा. त्याविषयी वर लिहिलेच आहे. गुलाबपाणी किंवा झऱ्याचे पाणी असे लिहिलेले असले तरी ओलाव्याच्या हिशेबात ते पाणीच.

दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकावर ग्लिसरीन असेल तर बाटलीला काही अर्थ आहे. पाणी धरणाऱ्या पदार्थांत त्याच्याइतका जुना आणि तपासून पाहिलेला दुसरा नाही. प्रॉपिलीन ग्लायकॉल, ब्युटिलीन ग्लायकॉल ही मंडळी त्याच गोत्रातली. यादीच्या तळाशी, सुगंधाच्या शेजारी ग्लिसरीन दिसले तर ते नावापुरते.

नंतर सोडियम हायल्यूरोनेट. याचा मूळ पदार्थ कार्ल मायर आणि जॉन पामर यांनी १९३४ साली गाईच्या डोळ्यातल्या पारदर्शक गरातून वेगळा केला. जाहिरातींत त्याच्याविषयी हजारपट पाणी धरण्याची भाषा असते. तो पाणी धरतो यात शंका नाही. परंतु त्याचा रेणू सहसा एवढा मोठा असतो की तो त्वचेत न शिरता वरच पातळ पापुद्र्यासारखा बसतो. पापुद्रा ओला असेतो त्वचा तुकतुकीत दिसते.

कोरफडीचा गर ९८-९९ टक्के पाणीच असतो. उरलेल्या भागातली चिकट शर्कराद्रव्ये थोडा वेळ पाणी धरतात. पँथेनॉल उपयुक्त आहे, तेही पाणी धरणाऱ्यांतलेच. अल्कोहोल यादीत वर असेल तर गारवा वाढतो आणि पाठोपाठ कोरडेपणाही. सुगंध नाकासाठी असतो. नाजूक त्वचेला तो कधी कधी बाधतो.

या यादीत पाणी आहे, पाणी धरणारे आहेत. बहुधा नाही तो झाकणारा. तेल, मेण, स्निग्ध असे काही नाही, कारण ते घातले तर फवारा बारीक उडत नाही, बाटली हलवावी लागते आणि चेहरा चकाकतो. ज्या चकाकीपासून पळायचे तीच परत येते. आणि झाकण नसेल तर ग्लिसरीननेही धरलेले पाणी कोरड्या वाऱ्यात हळूहळू सुटते. म्हणून निष्कर्ष असा निघतो: नुसत्या पाण्याचा किंवा गुलाबपाण्याचा फवारा गारवा देतो, ओलावा देत नाही. पुरेसे ग्लिसरीन असलेला फवारा थोडा वेळ ओलावा देतो. आणि कोणताही फवारा मारून चेहरा ओलसर असतानाच वरून एखादा स्निग्ध लेप लावला, तर ओलावा टिकतो. आंघोळीनंतर अंग पुरते कोरडे होण्याआधी तेलाचा हात फिरवण्याची रीत हेच साधते.

तेलाची बाजू घेताना त्याचीही परीक्षा झाली पाहिजे. फिलिपीन्समध्ये कोरड्या त्वचेच्या ३४ रुग्णांवर खोबरेल आणि खनिज तेल यांची तुलना करण्यात आली. ती २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. दोहोंनीही त्वचेतला ओलावा सारखाच सुधारला. पण झाकण्यात खोबरेल व्हॅसलीनची बरोबरी करीत नाही आणि मुरुमे येणाऱ्या चेहऱ्याला ते त्रास देऊ शकते. सगळी तेले सारखी नसतात. ऑलिव्हचे तेल त्वचेच्या त्या चुन्याला उलट इजा करते असे अलीकडच्या प्रयोगांत दिसले आहे. आणि ब्लँकचा धडा विसरून चालणार नाही: अगदी सुकलेल्या कातडीवर तेल लावले तर ते आतून येणाऱ्या पाण्याची वाट पाहत बसते. आजींचे म्हणणे बरोबर होते, पण पूर्ण नव्हते. नातीच्या बाटलीत उरलेला अर्धा भाग होता.

६. स्नेह

साहित्याच्या विद्यार्थ्यांपुढे एक गोष्ट ठेवून थांबू. संस्कृतात ‘स्नेह’ म्हणजे तेल आणि ‘स्नेह’ म्हणजेच माया. ‘स्निग्ध’ म्हणजे तुपाळ आणि स्निग्ध म्हणजे प्रेमळ. नजर स्निग्ध असते ती या दोन्ही अर्थांनी. त्याच्या उलट ‘रूक्ष’: तेल नसलेले आणि माया नसलेले. मराठीने हे शब्द घेतले आणि त्यांच्या शेजारी आपला ‘ओलावा’ ठेवला. नात्यात आपण ओलावा शोधतो, स्नेहही शोधतो. दोन्ही शब्द सरमिसळ वापरतो. त्वचेचे शास्त्र वाचल्यावर आम्हांला प्रथमच त्यांतला भेद जाणवला. ओलावा मऊ करतो, पण तो उडून जाणारा असतो. स्नेह त्याला टिकवतो. गंमत अशी की, ज्या भाषेत तेल हाच मायेचा शब्द आहे, त्याच भाषेत ‘तेलकट’ ही टर झाली.

ती टर कुठे जाऊन लागते, हे आम्हांला उशिरा कळले. वर्ष संपता संपता त्या विद्यार्थिनीने हा लेख लिहायची परवानगी दिली, तेव्हा एक खुलासाही केला. कॉलेजला येताना लोकलच्या डब्यात शेजारच्या बाया नाकाला पदर लावून सरकून बसत. घरात मासळी, अंगणात बोंबील. वास कपड्यांना असे, की कुठे, कोण जाणे. तिला वाटे, तो तेलात मुरतो. म्हणून तिने आधी केसांचे तेल सोडले, मग अंगाचे. बाटली घेतली ती ओलाव्यासाठी नव्हतीच. ‘‘मॅडम, वासासाठी घेतली होती,’’ ती म्हणाली. आमची सगळी घटकपरीक्षा त्या एका वाक्यापुढे थोडी ओशाळली. बाटलीवर लिहिलेले काहीही असो, तिने गुलाबपाणी त्याच्या जुन्याच कामासाठी घेतले होते: बैठकीत बसू दिले जावे म्हणून. फरक इतकाच की, पूर्वी यजमान पाहुण्यावर ते शिंपडी. हिला ते स्वतःवर शिंपडून घ्यावे लागत होते.

आम्ही तिला जे सांगू शकलो ते फार थोडे. फवारा मारायचा तर मार, पण चेहरा ओला असतानाच थोडे तेल तळहातांवर चोळून वरून फिरव; मुरुमे आली तर तेल बदल. डब्यातल्या बायांवर आमच्याकडे उपाय नव्हता.

तिने सादर केलेली शब्दांची यादी विभागात जपून ठेवली आहे. तिच्यात होडीचे भाग आहेत, जाळ्यांचे प्रकार आहेत, वाऱ्यांची नावे आहेत. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात, तेव्हाच्या कामांची एक नोंद तिने आजींना विचारून लिहिली आहे. तीत म्हटले आहे की लाकडी होडीला तेल पाजतात, नाहीतर उन्हावाऱ्याने लाकूड तडकते. नोंदीच्या शेजारी समासात तिनेच पेन्सिलीने एक शब्द लिहून ठेवला आहे: ‘माणसालाही’.